शून्यावरची ओळ

१

ती फाइल धडधाकट होती याला घरात एकच साक्षीदार होता, आणि तो ठार बहिरा होता.

साक्षीदार म्हणजे बाबा. त्या गुरुवारी दुपारी ते नेहमीसारखे कोचाच्या उजव्या कोपऱ्यात, पाय स्टुलावर टाकून बसले होते. समोर पडदा, बाजूच्या टेबलाशी आई. लेकीला ग्रंथालयातून सुट्टी होती म्हणून ती जेवायला आली होती आणि जेवण उरकूनही रेंगाळली होती.

आई सबटायटल करायची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. नुसते संवाद नव्हेत. दार कुरकुरलं, किटली खदखदली, बाहेर कुणी खोकलं, तर तेही. लेक शाळेत असताना बाबांना एक ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून टीव्हीसमोर बसलं की त्यांचं "काय म्हणाला? का हसले?" सुरू व्हायचं, आणि आई कागदाच्या कपट्यांवर भराभर लिहून त्यांच्या मांडीवर टाकायची. पुढे त्या कपट्यांचा धंदा झाला. स्टुडिओतून सिनेमे यायला लागले. पण बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय एकही फाइल घराबाहेर गेली नाही. बाबा ओठ वाचायचे, त्यामुळे त्यांना फसवणं अवघड होतं. "ही बाई आधी हसते आणि तुझी ओळ मागाहून हसते," असं ते मोठ्या आवाजात जाहीर करायचे. मग आई ती ओळ चिमटीत धरल्यासारखी अलगद पुढे सरकवायची.

त्या दिवशी त्यांची तपासणी सुरू व्हायच्या बेतात होती तेवढ्यात फोन आला. दिग्दर्शकाचा.

"नाही," आई म्हणाली. मग बराच वेळ ऐकून पुन्हा, "नाही हो. तुमच्या अंधारात तुम्हाला ऐकू येतं. माझ्या नवऱ्याला येत नाही. ओळ राहील."

फोन ठेवून ती लेकीकडे वळली. "म्हणे, सुरुवातीच्या अंधारावर अक्षरं नकोत, अंधार डागाळतो. डागाळू दे की."

आईची एक पद्धत होती. तिच्या फाइलची पहिली ओळ कायम शून्यावर असायची, सिनेमा सुरू होतो त्या अगदी पहिल्या क्षणावर. बाकीचे लोक पहिला संवाद येईपर्यंत थांबत. आई म्हणायची, ऐकणारी माणसं चित्राच्या आधीच सिनेमात शिरतात. बाकीच्यांनी का म्हणून दारात उभं राहायचं?

पडदा काळा झाला. त्यावर ओळ उमटली: ‘अंधार. तीन माणसं जिना चढताहेत. एकाची चप्पल घासते.’ लेकीला स्पीकरमधून पावलं ऐकू येत होती आणि खरंच, त्यातली एक चप्पल घासत होती. बाबांनी एवढ्या वेळात चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग चित्र आलं.

मध्येच आणखी एक फोन झाला, आईच्या शिष्येचा. आईने तिला चांगलंच फैलावर घेतलं. "मशीनने काढून दिलेलं तू वाचून तरी बघतेस का? का तसंच पुढे ढकलतेस? डोकं काय फक्त केस विंचरायला आहे?"

सिनेमा संपला. बाबा म्हणाले, "पाठव." आईने फाइल पाठवली, चहा टाकला आणि लेकीला म्हणाली, "ठमे, जाताना कोपऱ्यावरून लिंबं आणून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, कळलंसुद्धा नसेल. लिंबं टेबलावर तशीच होती.

२

पुढच्या बुधवारी स्टुडिओतून फोन आला तेव्हा घरातली माणसं नुकतीच पांगली होती. मालकीणबाई स्वतः बोलत होत्या.

"ताई, अशा वेळी सांगायला जीभ रेटत नाही. पण शनिवारी खेळ आहे. कर्णबधिर मंडळाचं सभागृह भरलंय. आणि तुमच्या आईची फाइल..."

"काय झालं फाइलला?"

"लावली की प्लेअर बंद पडतो. हा नाही तर तो, तिन्ही पाहिले. सिनेमा एकटा लावला तर चालतो. फाइल जोडली की गेला."

लेक काही बोलली नाही. तिला न बोलता थांबायची सवय होती. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात समोरचा माणूस आपल्याला खरोखर काय हवंय ते तिसऱ्या वाक्यात सांगतो.

"म्हणजे असं," मालकीणबाईंनी तिसरं वाक्य उच्चारलं, "त्या दिवशी त्यांना आतून बरं नसणारच. दुसऱ्याच दिवशी... आपण समजू शकतो. चूक कुणाच्याही हातून होते. त्यांच्या शिष्येने मशीनवर दुसरी फाइल काढलीय, ती लावू. फक्त मग नाव तिचं द्यावं लागेल. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आधी सांगितलं."

"आईच्या टेबलावर मूळ फाइल आहे," लेक म्हणाली. "तीच पाठवते."

तिने ती पाठवली. सिनेमाची प्रत मात्र घरात नव्हती. स्टुडिओ ती कुलूपबंद पाठवायचा आणि काम पोचलं की कुलूप कायमचं लागायचं. त्यामुळे घरी ताडून पाहायची सोय नव्हती.

तासाभराने मालकीणबाईंचा पुन्हा फोन आला. आवाज आणखी मऊ झाला होता, आणि तो मऊपणाच लेकीला बोचला.

"ही चालते. मी स्वतः लावून पाहिली, दुसऱ्या कुणाला त्रास दिला नाही. पण ताई, ओळी उशिरा येताहेत हो. एक नाही, सगळ्या. माणूस बोलून तोंड मिटतो आणि मग खाली अक्षरं येतात. शेवटपर्यंत तसंच. मी म्हटलं ना, त्यांना बरं नव्हतं."

लेकीने फोन खाली ठेवला. बाबा तिच्या तोंडाकडेच पाहत होते.

"काय म्हणते?"

"म्हणते, आईच्या ओळी उशिरा येतात."

बाबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनाच कुणी चोर म्हटलं होतं. "मी पाहिलाय तो सिनेमा," ते ओरडले. "ओठ आणि ओळ एकत्र हलत होते! एक ओळ जरी मागे असती तर मी उठलो असतो का कोचावरून?"

मग एकच फाइल इथे वेळेवर आणि तिथे उशिरा, असं कसं झालं? आणि आईने पाठवलेली प्रत तिथे जाऊन प्लेअर का पाडत होती?

"बाबा, चपला घाला," लेक म्हणाली. "आपण स्टुडिओत जाऊन येऊ."

३

स्टुडिओचा जिना अरुंद होता आणि भिंतींना चिकटवलेल्या फोममुळे आत शिरल्यावर बाहेरचा आवाज एकदम तुटायचा. बाबांना अर्थात फरक पडला नाही.

आईच्या फाइलला इथे कुणाकुणाचे हात लागले होते, हे विचारायला फार वेळ लागला नाही. तिघेच. मशीनघरातला तंत्रज्ञ, ज्याला सगळे पाना म्हणत. शिष्या. आणि दिग्दर्शक, ज्याने एक प्रत मागून घेतली होती.

पान्याची खोली म्हणजे पंख्यांची घरघर. भिंतभर पडदे, सगळ्यांवर वेगवेगळे सिनेमे, आणि सगळे मुके. पान्याच्या कानांवर जाड हेडफोन होता. लेकीने खांद्याला हात लावला तेव्हा त्याने तो एका कानावरून सरकवला आणि आतून कुठलंसं जुनं गाणं खोलीत सांडलं.

"ताई, या ना. बसा. काकूंचं फार वाईट झालं." तो मनापासून बोलत होता. "त्या फाइलपायी मी दोन दिवस डोकं फोडतोय. नकलेवर अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे मशीन ती साठवतं ती पद्धत, बदलून पाहिली, कधी कधी तिथे गोची असते. गाण्याच्या खुणा काढून पाहिल्या. फॉन्ट बदलला. प्लेअर पडतो तो पडतोच."

"कधी पडतो? मध्यावर? शेवटी?"

"कसला मध्य! लावल्या लावल्या. चित्रसुद्धा दिसत नाही."

"फाइल आल्यावर तुम्ही तिच्यात काही बदललं होतं?"

"देवाशपथ, एका अक्षराला हात लावला नाही. काकूंच्या अक्षराला हात लावायची कुणाची छाती? एकदा मी स्वल्पविराम उडवला होता तर चार माणसांत माझी चंपी केली होती."

लेकीला हसू आलं. आईने घरी येऊन तो स्वल्पविराम जेवणभर चघळला होता.

शिष्या शेजारच्या खोलीत होती. लेकीला पाहताच ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

"तुम्हाला वाटत असेल मी केलं," ती म्हणाली.

"मी अजून काही विचारलेलं नाही."

"पण वाटत असेलच. मॅडम त्या दिवशी मला बोलल्या, तुम्ही तिथेच होतात. आणि आता नाव माझं लागणार." तिने नाक पुसलं. "मला नकोय नाव. मशीनचं काम आहे ते. मालकीणबाई म्हणाल्या, नाहीतर खेळ रद्द होईल."

"मशीनला सिनेमा कुठला दिला?"

"पान्याने तयार करून दिला तो. खेळाला लागणार आहे तोच."

दिग्दर्शक परगावी होता. मालकीणबाईंनी त्याच्याबद्दल हळूच सांगितलं, "तो तर खूशच झाला असेल. त्याला ती अंधारावरची पहिली ओळ मुळात नकोच होती. पंधरा वेळा माझ्याशी भांडला." मग बाबांकडे पाहून त्या हातवारे करत मोठमोठ्याने म्हणाल्या, "काका! नवीन फाइल! बघता का?"

"ओरडू नका हो," बाबा म्हणाले. "ओरडलं की ओठ वाकडे होतात आणि मला काहीच कळत नाही. दाखवा."

छोट्या प्रेक्षागृहात दिवे मालवले. बाबांनी सवयीने चष्मा काढला, सदऱ्याचं टोक धरलं, आणि तेवढ्यात पडद्यावर लख्ख जिना उमटला. ते घाईघाईने चष्मा चढवू लागले.

"छे! चष्मा पुसायलासुद्धा वेळ देत नाहीत," ते कुरकुरले. मालकीणबाई हसल्या.

खाली अक्षरं आली: ‘संगीत’. मग भाऊ बहिणीशी भांडू लागला. ‘संगीत’. बहिणीने ताट भिरकावलं. ‘संगीत’.

"या घरात भांडणंसुद्धा बँड लावून करतात वाटतं," बाबा म्हणाले. शिष्येने मान खाली घातली.

लेक मात्र पडद्याकडे पाहतच नव्हती. बाबांच्या हातात सदऱ्याचं टोक अजून तसंच होतं, आणि काहीतरी खटकत होतं. काय, ते तिला सांगता आलं नसतं.

निघताना तिने मालकीणबाईंकडून ती पडणारी फाइल मागून घेतली.

"तिचं तुम्ही काय करणार?"

"वाचणार," लेक म्हणाली.

४

ग्रंथालयात एखादं पुस्तक चुकीच्या जागी गेलं की सगळी कपाटं धुंडाळण्यात अर्थ नसतो. पण फाइल ही कपाटापेक्षा सोपी होती, कारण ती बोलत होती. चूक असेल तिथे प्लेअर पडत होता.

लेकीने सकाळी आईच्या टेबलाशी बसून फाइलची नक्कल काढली आणि ती बरोबर मधोमध कापली. सिनेमा नव्हता, म्हणून घरचाच एक जुना व्हिडिओ लावला. प्लेअरला काय, कुठलाही चालतो. दुसरा अर्धा भाग जोडला: अक्षरं निमूट येत राहिली. पहिला अर्धा जोडला: प्लेअर गेला.

पहिल्याचे पुन्हा दोन. मागचा तुकडा चालला. पुढचा पडला.

पुन्हा दोन. पुन्हा पुढचाच.

प्रत्येक तुकड्याबरोबर तिला आईचं वाक्य वाचावं लागत होतं. ‘बहीण दार न आपटता लावते, पण कडी जोरात सरकवते.’ ‘भाऊ हसतो, घशातून नाही, नाकातून.’ ‘रस्त्यावरून हातगाडी जाते. एक चाक बिघडलेलं.’ हातातलं काम थांबवून ती तुकड्यातली शेवटची ओळ दोनदा वाचून काढायची आणि मग पुन्हा कात्री चालवायची. बाबा मागे उभे होते. लेकीच्या ध्यानात आलं की तेही वाचताहेत.

तुकडे लहान होत गेले. शेवटी हातात एकच ओळ राहिली, पहिली. तीन माणसं, जिना, घासणारी चप्पल.

तिने ती एकटी जोडली. प्लेअर पडला.

तिने ती एकटी काढून बाकी सगळी फाइल जोडली. चालली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न करता.

म्हणजे दिग्दर्शकाला नको होती नेमकी तीच ओळ!

बाबांनी तिच्या खांद्यावर बोट आपटलं. "त्याने केलं?"

"थांबा." सबटायटलच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या डोक्यावर दोन वेळा लिहिलेल्या असतात, ओळ कधी दिसावी आणि कधी जावी. लेकीने शब्दांवरून नजर काढली आणि वेळेवर नेली. आईच्या मूळ फाइलमध्ये तिथे नुसती शून्यं होती. या फाइलमध्ये काही आकडे होते, आणि त्या आकड्यांच्या आधी एक लहानशी आडवी रेघ होती.

वजा.

ही ओळ सिनेमा सुरू होण्याच्या आधी दाखवा, असं फाइल प्लेअरला सांगत होती. बिचाऱ्या प्लेअरला सुरुवातीच्या आधीची वेळ माहीतच नव्हती. तो ती शोधायला गेला आणि कोसळला.

लेकीने दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या आणि दुसरी ओळ ताडून पाहिली. मग दहावी. मग अगदी शेवटची.

कुणीतरी आईच्या एकूण एक ओळीला हात लावला होता.

५

"शत्रू असता," लेक बाबांकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाली, "तर त्याने एक ओळ बिघडवली असती. इथे सगळ्या हलल्यात, आणि सगळ्या सारख्याच. प्रत्येक ओळ तेवढीच अलीकडे."

"का?"

"वाटेल तशा वेळा टाकायला डोकं लागत नाही. सगळं सारखं सरकवायचं म्हणजे काहीतरी जुळवून घ्यायचं असतं. शिंपी बाही आखूड करतो ना, तसं. आईची मूळ फाइल तिथे उशिरा येते. किती उशिरा? मला वाटतं, जेवढी ही अलीकडे सरकवलीय तेवढीच."

बाबा विचारात पडले. "म्हणजे फाइल बरोबर आणि..."

"तुम्ही काल काय म्हणालात? चष्म्याचं?"

"पुसायला वेळ दिला नाही म्हणालो."

"घरी दिला होता?"

बाबांनी डोळे मिटले. ऐकू येत नसलेला माणूस आठवतो तेव्हा चित्रं आठवतो. "घरी दोन्ही काचा पुसून झाल्या होत्या," ते हळूहळू म्हणाले. "डावी, मग उजवी. मग चित्र आलं. आणि काल पहिल्या काचेला हातसुद्धा..." त्यांनी डोळे उघडले. "ठमे, तो सिनेमा तो नव्हता!"

आईची फाइल बिघडलेली नव्हती. सिनेमाच डोक्याकडून कापला गेला होता.

लेकीने दिग्दर्शकाला फोन लावला. शत्रू असो, मित्र असो, सिनेमा त्याचा होता.

"तुमच्या आईबद्दल ऐकलं," तो अवघडून म्हणाला. "आमचे मतभेद होते, पण..."

"सुरुवातीचा अंधार कापायला तुम्ही सांगितलं होतं?"

"कापायला? काय कापलं?"

"पावलं."

"अहो, ती कापली तर सिनेमाच राहत नाही! वर तिघं जातात. शेवटी खाली दोघंच येतात. तिसऱ्याचं काय झालं, हाच तर सिनेमा आहे. मला ओळ नको होती कारण लोकांनी कान देऊन मोजावं असं वाटत होतं. तुमच्या आईने मला विचारलं होतं, ज्यांना कान नाहीत त्यांनी काय मोजायचं? तेव्हा उत्तर सुचलं नाही. कापलं कुणी?"

"उद्या सकाळी स्टुडिओत या," लेक म्हणाली. "मला वाटतं, मला माहीत आहे."

६

शुक्रवारी छोट्या प्रेक्षागृहात सहाजण जमले. मालकीणबाईंनी हाताची घडी घातली होती. दिग्दर्शक रात्रभर प्रवास करून आला होता आणि सदरा त्याची साक्ष देत होता. शिष्या शेवटच्या खुर्चीत. पाना दारापाशी उभा, हेडफोन गळ्यात. बाबा सगळ्यांचे ओठ दिसावेत म्हणून पडद्याकडे पाठ करून बसले होते.

लेकीने आवाज चढवला नाही. फाइल कुठे पडते, का पडते, आणि सिनेमा कुठे कापलाय, हे तिने शांतपणे सांगितलं.

"दिग्दर्शकांना ती ओळ नको होती," ती म्हणाली. "पण ओळ घालवण्यासाठी कुणी स्वतःच्या सिनेमाचं मुंडकं उडवत नाही. त्यांनी केलं नाही."

दिग्दर्शकाने नकळत मान हलवली.

"हिचं नाव लागणार होतं, तेव्हा संशय हिच्यावर." शिष्या ताठ झाली. "पण ही आईच्या हाताखाली शिकली. आईची पहिली ओळ शून्यावर असते हे हिला झोपेत विचारलं तरी सांगेल. फाइल अलीकडे सरकवायची तर शून्यावरची ओळ वजात जाणार, हे हिला कळलं असतं. ज्याने हे केलं त्याला आईची ती पद्धत ठाऊक नव्हती. आणि त्याहून मोठी गोष्ट, त्या अंधारात आवाज आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. ज्याने पावलं ऐकली तो तिथे कापणार नाही. इथे सिनेमे कोण पाहतं, न ऐकता?"

सगळ्यांची नजर एकाच गळ्यातल्या हेडफोनकडे गेली.

"मी?" पाना म्हणाला. "ताई, मी तर अक्षराला..."

"अक्षराला नाही लावला हात. वेळेला?"

पान्याने हेडफोन गळ्यातून काढला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश उतरत गेलं. "मशीन करतं ते," तो पुटपुटला. "मीच बसवून ठेवलंय, कधीचं. पार्ट्या सिनेमे पाठवतात ना, त्यांच्या डोक्याला काळी पट्टी असते. रिकामी. मशीन ती आपोआप छाटतं आणि सबटायटल तेवढंच अलीकडे घेतं. माझ्या लक्षातसुद्धा राहत नाही. आपण श्वास घेतो ते लक्षात राहतं का? काकूंकडचे सिनेमे आजवर थेट चित्रावरच सुरू व्हायचे, छाटायला काही नसायचं, म्हणून कधी अडलं नाही. बाकीच्यांची पहिली ओळ पुढे कुठेतरी असते, सरकायला जागा असते..."

"आईच्या ओळीला मागे जागा नव्हती."

"काळं होतं, ताई. मला वाटलं, काळं म्हणजे रिकामं." तो खाली बसला. "पण म्हणजे मी आजवर असे किती अंधार कापले असतील?"

बाबा इतका वेळ त्याच्या ओठांवर डोळे लावून होते. ते उठले आणि त्याच्याजवळ गेले. सगळ्यांना वाटलं, आता फोडून काढतात.

"बहिरा मी," ते त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आणि पावलं तुला ऐकू आली नाहीत, होय रे?" मग त्याच्या पाठीत एक सणसणीत थाप मारून ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. पान्याला हसावं की रडावं कळेना.

"मूळ सिनेमा आहे का?" मालकीणबाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता, कामाचा होता, आणि लेकीला तो पुष्कळ बरा वाटला.

पान्याने मशीनची ती सोय बंद केली आणि मूळ सिनेमा आणला. शिष्येने आईची घरची फाइल त्याला जोडली; ते काम तिने कुणाला करू दिलं नाही. दिवे मालवले.

प्लेअर पडला नाही. पडदा काळा झाला, पहिल्याच क्षणी ओळ उमटली आणि तीन माणसं जिना चढू लागली. पुढे बहिणीने तोंड उघडलं, अक्षरं आली. तिने तोंड मिटलं, अक्षरं गेली. मालकीणबाई पुढे वाकून पाहत होत्या. हातगाडी आली, तिचं एक चाक बिघडलेलं होतं.

"हे मला इतक्यांदा पाहून ऐकू आलं नव्हतं," दिग्दर्शक हलक्या आवाजात म्हणाला. "चाकाचं."

"काकांची माफी मागते," मालकीणबाई म्हणाल्या. "चूक काकूंच्या हातून झाली, असं मीच ठरवून बसले. नाव त्यांचंच लागेल. आणि स्वतंत्र लागेल, शेवटच्या गर्दीत नाही."

"पहिल्या पाटीवर," दिग्दर्शक म्हणाला. "माझ्या खाली. नाही, माझ्या शेजारी."

७

शनिवारी दुपारी सभागृह भरलं होतं. एवढी माणसं आणि एवढी गडबड. हात, बोटं, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. ऐकू येत होता तो फक्त खुर्च्यांचा आवाज. बाबा मधल्या रांगेत बसले आणि पाच मिनिटांत शेजारच्या गृहस्थांशी त्यांचं मैत्र जमलं.

खेळ झाला. वर तिघं गेली आणि खाली दोघं आली, तेव्हा सभागृहातल्या साऱ्या माना एकदम एकमेकांकडे वळल्या. मोजलं होतं, सगळ्यांनी मोजलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तर नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढून तीन बोटं नाचवली: मी तेव्हाच म्हटलं नव्हतं!

दिवे लागले. शेकडो हात हवेत उठून पंजे हलू लागले. त्यांची टाळी तशी असते. लेकीने आजवर ती टाळी आईसाठी वाजताना पाहिली नव्हती. आई कधी खेळाला जायचीच नाही. काम झालं की दुसरं घ्यायची.

मंडळाच्या अध्यक्षांनी लेकीला मंचावर बोलावलं. शेजारी खुणांची दुभाषी उभी राहिली. लेकीने घरून काही ठरवून आणलं नव्हतं. तिने समोर पाहिलं. बाबा मान उंच करून तिच्या ओठांची वाट पाहत होते.

"आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती," ती म्हणाली. "आई काम दाखवायची, आम्ही खोड काढायचो, ती दुरुस्त करायची. आम्हा तिघांनाही तेच प्रेम वाटायचं, आणि ते होतंही. पण त्यामुळे एक गोष्ट बोलायची राहून गेली."

दुभाषीचे हात तिच्या मागोमाग हलत होते, आणि थांबले.

"मी ग्रंथालयात काम करते. माझं आयुष्य पुस्तकांत गेलंय, मोठमोठ्या लोकांच्या. या आठवड्यात आईची अख्खी फाइल मी ओळ न् ओळ वाचली." मग ती समोरच्या कुणाशी बोलत नव्हती.

"आई, तू लेखिका होतीस. मी वाचलेल्या चांगल्या लेखकांपैकी एक."